आवाज सोसत नसेल तर: अमळनेरच्या एका भांडीवाल्याच्या सूचना

आमचं अमळनेरला भांड्यांचं दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं. आणि मला आवाज सोसत नाही. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की समोरचा आधी हसतो. हसू द्या. स्टीलचं ताट फरशीवर पडलं की माझ्या उजव्या कानातून कळ निघते ती मानेपर्यंत उतरते, आणि दुकानात ताटं पडायचीच.

त्रास सुरू झाला एका हळदीच्या रात्रीनंतर, डीजेच्या स्पीकरसमोर. कानात शीळ बसली. ती थोडी कमी झाली, पण नंतर कुकरची शिट्टी, पोरांचा ओरडा, बुलेटचं फटफट, चमचा बशीवर आपटणं, सगळंच लागायला लागलं. ऐकू मात्र व्यवस्थित येत होतं. घरच्यांना म्हणूनच पटेना. "तुले काय व्हयनं रे भो?" हे मी गल्लीतल्या प्रत्येकाकडून ऐकलंय.

या दुखण्याला डॉक्टर हायपरअक्यूसिस म्हणतात. इतरांना साधा वाटणारा आवाज आपल्याला फार मोठा वाटतो किंवा दुखवतो. आधी एवढं ओळखा की तुमचं हेच आहे का. एखादं माणूस जेवताना मचमच करतं, नाक ओढतं, आणि तो बारीकसा आवाजही ऐकून तुमचं डोकं फिरत असेल, तर तो वेगळा प्रकार, त्याला मिसोफोनिया म्हणतात. तिथे आवाज किती मोठा याला महत्त्व नसतं, कोणता आहे आणि कोण करतंय याला असतं. तिसरा प्रकार भीतीचा: आवाज झालेला नसतो, पण होईल म्हणून माणूस घराबाहेर पडत नाही. बऱ्याच जणांत हे प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात. माझ्यात पहिला जास्त आणि तिसरा थोडा. खालच्या सूचना पहिल्या प्रकारासाठी आहेत. मचमच सोसत नसेल तर माझा फारसा उपयोग नाही, मानसोपचाराची मदत घ्या.

डॉक्टरकडे जाताना

घरगुती उपाय करत बसण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. आणि कानात तेल घालू नका. आपल्याकडे लसूण कढवून कोमट तेल सोडायची फार हौस आहे. माझी माय वाटी घेऊन मागे लागली होती.

काही लक्षणं असतील तर थांबायचंच नाही. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं असेल तर त्याच दिवशी गाठा, कारण त्यावरचं औषध लवकर सुरू झालं तरच उपयोगी पडतं. चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली असेल तर तेही तातडीचं. कानात एक इवलासा स्नायू असतो, मोठा आवाज आला की आवळून धक्का कमी करणारा. त्याची नस चेहऱ्याच्या नसेतूनच येते, म्हणून चेहऱ्याच्या पक्षाघातात आवाज लागतो. स्वतःच्या पावलांचा, अगदी डोळे फिरवल्याचा आवाज कानात घुमत असेल आणि मोठ्या आवाजाने चक्कर येत असेल, तर आतल्या कानाच्या हाडाला बारीक भेग असू शकते. ही गोष्ट स्वतःहून सांगा, कारण विचारली जाईलच असं नाही. अर्धशिशी असणाऱ्यांनाही आवाज लागतो, तेही सांगा.

जळगाव आणि धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे कानाचा विभाग असतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, ती याच कामासाठी. कुठेही गेलात तरी ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकण्याची चाचणी घेणाऱ्याला, बसल्या बसल्या पहिलं वाक्य हे सांगा: "मला आवाज लागतो, चाचणी हळूहळू करा, मी हात वर केला की थांबा." तपासणीत एक भाग असतो तो आवाज वाढवत नेऊन कुठे नकोसा होतो हे पाहण्याचा. निरोगी माणसाला साधारण १०० डेसिबलच्या (हे आवाज मोजायचं माप) आसपास नकोसं होतं, आपल्यासारख्यांना बरंच आधी. कानातल्या त्या स्नायूची चाचणीही असते, तीत कानात मोठे आवाज सोडतात. ती गरजेची आहे का हे विचारा, असलीच तर शेवटी ठेवायला सांगा. एमआरआय सांगितला तर आधीच कानात घालायचे फोमचे बोळे आणि त्यावर हेडफोनसारखे मफ मागून घ्या, मशीन १०० डेसिबलच्या वर जातं. दाताच्या डॉक्टरकडे मात्र बोळ्यांचा उपयोग कमी, कारण ड्रिलचा आवाज हाडातून येतो. तिथे मध्ये मध्ये थांबायचं आधी ठरवून घ्यायचं.

शांतता औषध नाही

बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचा.

आवाज लागतो म्हटल्यावर माणूस दारं-खिडक्या लावतो, दिवसभर कानात बोळे घालतो, मागच्या खोलीत जाऊन बसतो. साहजिक आहे. पण मेंदूचं काम डीजेवाल्याच्या मिक्सरवरल्या गेनच्या, म्हणजे आत येणारा आवाज वाढवायच्या, बटणासारखं चालतं: आत येणारा आवाज कमी झाला की तो गेन वाढवतो. जितकी शांतता, तितका कान तीक्ष्ण. २००३ साली अमेरिकेत एका प्रयोगाचा निष्कर्ष छापून आला होता. चांगल्या कानांच्या लोकांनी दोन आठवडे बोळे घालून काढले तर त्यांना आवाज आधीपेक्षा मोठे वाटायला लागले. आणि दोन आठवडे हलका, सतत चालणारा आवाज कानाशी ठेवला तर उलटं झालं, त्यांची सोसण्याची ताकद वाढली. माझ्या डॉक्टरबाईंनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि बोळ्यांचं पाकीट माझ्या हातात देतानाच ते कधी वापरायचं नाही याची यादी दिली.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला जास्त धीर देणारी वाटली. जो आवाज दुखवतो तो कान बिघडवतोच असं नाही. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज तासन्‌तास ऐकला तर कानाला धोका. वाटी पडली, कपबशी वाजली, यानं दुखतं, पण नुकसान होत नाही. हे मनाशी पक्कं केलं की आवाजाची भीती अर्धी कमी होते. दुखणं लगेच जात नाही.

मग बोळे कधी? वरात, डीजे, फटाके, ग्राइंडर, कांडप मशीन, ढोल. म्हणजे इतरांच्या कानालाही जे जड, तेवढ्यासाठी, आणि तेवढाच वेळ. आवाज गेला की काढायचे. फोमचे बोळे बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचे. नुसते भोकाशी टेकवले तर काही होत नाही. कापसाचा बोळा जवळपास निरुपयोगी. गप्पाही कळायला हव्या असतील तर संगीतवाले वापरतात तसे फिल्टरचे बोळे मिळतात, ते सगळे आवाज सारखेच कमी करतात. कारखान्यातले कानावरचे मफ सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात, आणि घाईच्या वेळी बोळ्यांपेक्षा तेच बरे, एका हाताने चढतात. आवाज कापणारे महागडे हेडफोन बसच्या इंजिनाची घरघर छान कमी करतात, पण ताट पडल्याचा खण्ण त्यांना पकडता येत नाही. गाडी चालवताना यातलं काहीही नको. आणि बाहेरचा आवाज बुडवायला कानात मोठ्याने गाणी लावणं तर मुळीच नको.

कूलर हा खानदेशी इलाज

दिवसभर मागे एक हलका, एकसारखा आवाज चालू ठेवायचा, एवढंच या उपचाराचं सूत्र. इंग्रजीत लिहिणारे पावसाचे, समुद्राचे आवाज सांगतात. आपल्याकडे मार्च ते जून कूलर असतोच. पारा ४५ च्या घरात गेल्यावर तो बंद करायची कोणाची हिंमत नाही. कूलर खोलीत ठेवू नका, खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा, वेग कमी, पंख्याच्या जाळीचे स्क्रू आवळून घ्या म्हणजे पत्रा थरथरणार नाही. वाळ्यावरून पाणी पडण्याचा तो आवाज माझ्या कानाला मिळालेलं सगळ्यात स्वस्त औषध. हिवाळ्यात टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावतो. फोनवर पावसाचा आवाज लावला तर कानात घालून नको, स्पीकरवर, उशीपासून हातभर दूर.

किती मोठा? शेजारी बसलेल्याचं बोलणं सहज कळेल आणि थोड्या वेळाने आपण तो आवाज विसरून जाऊ, इतका. त्रास होत असेल तर तो जास्त आहे. काही आठवड्यांनी किंचित वाढवायचा. घाई करणारे फसतात. रात्री वीज गेली की कूलर एकदम थांबतो आणि लांबचं कुत्रंसुद्धा कानाशी भुंकल्यासारखं वाटतं, म्हणून फोन चार्ज ठेवा. कानामागे लावायची, बारीक खळखळ देणारी यंत्रंही असतात, पण ती ऑडिओलॉजिस्टच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका. सोबत विचार आणि भीती हाताळायला शिकवणारी सीबीटी नावाची उपचारपद्धत असते, तिचाही उपयोग होतो. हे सगळं महिन्यांच्या हिशोबाचं काम आहे.

दुकानात

माणसाचा कान २ ते ५ हजार हर्ट्‌झच्या (म्हणजे उंच, चिरक्या स्वराच्या) पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो, आणि स्टीलचा खणखणाट नेमका तिथे भरपूर. पण भांडं वाजतं ते मोकळं असेल तरच. काठाला धरलेलं ताट खणखणतं, त्याच ताटाखाली तळहात ठेवला की नुसता टप्प. माझी सगळी युक्ती या एका गोष्टीवर उभी आहे.

काउंटरवर जाड रबराची चटई टाकली, त्यावर बारदान. ताटं आडवी रचत नाही, उभी, आणि मध्ये वर्तमानपत्राचा कागद. वाट्यांच्या चवडीला सुतळीने आवळलं की त्या एकमेकींवर नाचत नाहीत. पातेली एकात एक घालताना तळाशी गोणपाटाची चकती. गोदामातून माल आला की पोरं पोती आपटायची, आता दारात जुनी गादी आहे. आपटा म्हटलं, गादीवर आपटा.

गिऱ्हाईक टिचकी मारून बघतं. पितळेला आणि काशाला तर मारणारच, नाद ऐकल्याशिवाय आपला माणूस काशाची वाटी घेत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. मी भांडं हातात देत नाही, गिऱ्हाइकापुढे धरतो, आणि टिचकी पडली की नाद त्याला कळेपर्यंत थांबून बोट टेकवतो. बोट टेकलं की नाद मरतो. पितळेचा आवाज स्टीलपेक्षा मऊ लागतो मला, काशाचा लांबतो.

सगळ्यात वाईट नाव टाकायचं मशीन. रुखवताच्या सीझनला दिवसभर "चि. सौ. कां." चालू. ती सुई स्टीलवर फिरताना जो किर्रर्र निघतो तो लिहून दाखवता येणार नाही. आता ते काम मागच्या खोलीत होतं, भांड्याच्या आत वाळूची पुरचुंडी ठेवून. वाळू भांड्याला थरथरू देत नाही, आवाज निम्मा वाटतो. मी करत असलो तर मफ लावतो. पोरगा करत असेल तर त्यालाही लावायला लावतो, त्याचे कान चांगले आहेत तोवर.

तुमचं दुकान भांड्यांचं नसेल, पण सूत्र तेच. दाल मिल असो, जिनिंग असो, शाळा असो: आदळणाऱ्या दोन कडक वस्तूंच्या मध्ये काहीतरी मऊ घाला. शिक्षक असाल तर बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवा.

घरात

सिंकमध्ये रबरी जाळी, मांडणीच्या फळ्यांवर जुन्या गोधडीचे तुकडे. घासलेली भांडी टोपल्यात फेकायची नाहीत, एवढं बायकोने आणि वहिनीने मान्य केलं. कुकरला शिट्ट्या मोजायची सवय सोडून घड्याळ धरलं: वाफ भरली, शिट्टी फुरफुरायला लागली की गॅस बारीक. वरण-बट्टीची डाळ आधी भिजत घातली तर तेवढ्यात छान शिजते. मिक्सर रबराच्या चटईवर, पण त्याची खालची हवा कोंडेल असा कपडा नको. वर्षाचं तिखट, मसाला मिरची कांडपावर बाहेरूनच.

याहून मोठी गोष्ट म्हणजे आधी सांगणं. येणार हे माहीत असलेला आवाज कमी लागतो. स्वयंपाकघरातून "मिक्सर!" अशी हाक येते, मी ओट्यापासून दूर होतो, झालं. भाकरी थापायचा आवाज मला कधीच लागला नाही, का कोण जाणे.

नानांचा टीव्ही हा वेगळा विषय. त्यांना कमी ऐकू येतं, मला जास्त, आणि दिवाणखाना एक. आवाजावरून वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हाताऱ्या माणसाला वाटतं आपल्याला गप्प करतायत. त्यांच्याही कानांची तपासणी करून घेतली. श्रवणयंत्र आल्यावर टीव्ही आपोआप खाली आला. घरात असा कोणी असेल तर आधी त्यांच्यावर खर्च करा.

लग्न, कानबाई, दिवाळी

लग्नाला जायचंच. नाही गेलं की भाऊबंदकीत वर्षभर पुरतं. हळदीची रात्र मी टाळतो, लग्न लागून जेवणाच्या पंगतीला पोचतो, आहेर करतो. स्पीकरच्या समोर आणि भिंतीच्या कोपऱ्यात बसू नका, स्पीकरच्या पाठीमागच्या बाजूला बसा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणून शेतातलं लग्न बंद हॉलपेक्षा बरं.

नातेवाइकांना दुखण्याचं नाव सांगत बसू नका. "कानाचं दुखणं आहे, डॉक्टरने मोठा आवाज बंद केलाय" एवढं पुरतं. पथ्य म्हटलं की आपल्याकडे मान मिळतो.

कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, रात्रभर बायकांची गाणी असतात, ती मला चालतात. सोमवारी विसर्जनाला ढोल-ताशे असतात, तेव्हा बोळे घालून घराच्या ओट्यावरून हात जोडतो. दिवाळीत लक्ष्मीपूजन झालं की पोराबाळांसह मळ्यात. फटाक्यांची कायदेशीर मर्यादाच ४ मीटरवर १२५ डेसिबल आहे, म्हणजे नियमात वाजलेलाही आपल्याला झेपणारा नाही.

लहान मूल कुकर वाजला की कान झाकून रडत असेल तर त्याला नाटकी म्हणू नका, दाखवून घ्या. स्वमग्न मुलांत हे बरंच दिसतं.

प्रवास

स्टेशनवर फलाटाच्या मधोमध उभं राहा, टोकाला इंजिन येतं आणि भोंगा तिथेच. गाडी शिरताना बोळे, थांबली की काढायचे. एसटीत पुढे इंजिन, मागे खिडक्यांचा खडखडाट, म्हणून मधली सीट.

वाईट दिवस

येतातच. एखादा फटाका कानाशी फुटतो आणि पुढचे काही दिवस सगळंच लागतं. अशा वेळी घर बंद करून बसू नका. खोली बदला, कूलर किंवा पंख्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली ठेवून चालू ठेवा, झोप पुरी करा, आणि पहिल्यापेक्षा एक पायरी खालून पुन्हा चढा. लोक हसतात, कोणी समजून घेत नाही, जगणं नको वाटतं, असं मनात यायला लागलं तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो. लाज बाळगू नका.

मंडळ आणि कायदा

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सणासुदीला सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत, सरकारने तसं जाहीर केलं असेल तर, शांतता क्षेत्र असतं. नियम मोडला जात असेल तर ११२ ला फोन करता येतो.

मी मात्र फोनापर्यंत सहसा जात नाही. रात्री ११ वाजता नाचणाऱ्या पोरांना जाऊन सांगितलं तर भांडणच होणार. वर्गणीची पावती फाडायला ती दुकानात येतात तेव्हा बसवायचं, चहा सांगायचा, आणि स्पीकरचं तोंड आमच्या गल्लीऐवजी चौकाकडे करा म्हणायचं. वर्गणी हातात ठेवायच्या आधी.